उतारावर न्यूट्रल नको, गिअरच हवा

उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, पेट्रोल वाचतं, हा सल्ला अजूनही ठामपणे दिला जातो. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या जमान्यात त्यात तथ्य होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे इंजेक्टर नावाची छोटी तोटी मोजून पेट्रोलचा फवारा मारते तिथे, मात्र उलटच घडतं, आणि ते कसं, हे मोठं सुंदर प्रकरण आहे.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेतंय असं धरू. प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल लागतं, म्हणजे चारही इंजेक्टर मिळून मिनिटाला 4000 फवारे. प्रत्येक फवारा काही मिलिसेकंदांचा. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे ईसीयू हा इंजिनाचा छोटा संगणक क्षणोक्षणी ठरवतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सेन्सर त्याला कळवतात: थ्रॉटल (इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची झडप) बंद आहे, तरी इंजिन जोरात फिरतंय. फिरवतंय कोण? चाकं. मग पेट्रोल कशाला हवं? ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. फवारे शून्य! पिस्टन वर-खाली होतच राहतात, पण थ्रॉटल बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब खूप उतरतो आणि हवा ओढायला जोर पडतो. तो जोर गाडीच्या गतिज ऊर्जेतून येतो, म्हणून गाडी मंदावते. हेच इंजिन ब्रेकिंग. फेरे आयडलिंगच्या, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं त्या गतीच्या, जवळ आले की इंजिन बंद पडू नये म्हणून फवारे पुन्हा सुरू होतात.

न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटतो. इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावं लागतं. आयडलिंगला 800 फेरे धरले तरी मिनिटाला 1600 फवारे गेलेच. शिवाय लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. हे धोक्याचं आहे. न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब जाते हे खरं, पण वेग कमीच करायचा असेल तर त्याचा उपयोग काय?

ब्रेक लावला की नक्की किती पेट्रोल वाया जातं? 1000 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 139 किलोज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, त्यातली जेमतेम पाव चाकांपर्यंत पोचते. हिशोब केला तर तो वेग गाठायला सुमारे 17 मिलिलिटर पेट्रोल लागलेलं असतं. लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात किलोमीटरचा तिसरा हिस्सा कापते. म्हणून सिग्नल लाल दिसताच पाय काढून गिअरमध्येच येऊ द्यावं. जोरात जाऊन करकचून ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते.

बाकी गोष्टी सर्वांना माहीत आहेत: टायरमधली हवा योग्य हवी, वेग बेताचा हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो; 80 वरून 100 वर गेलात की दीडपटीहून जास्त.

इंधनाच्या नळीला चुंबक लावून मायलेज वाढवण्याच्या जाहिरातींवर मात्र एक रुपयाही घालवू नका. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा जाणवण्याजोगा परिणाम होतच नाही. मायलेज वाढवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधनं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासली, लक्षणीय फरक पाडणारं एकही निघालं नाही.

डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल तर स्वतः बघा. गिअरमध्ये पाय काढताच आकडा कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो, आणि फवारे सुरू झाले की झपकन खाली येतो.