गाय ठेवायची की बदलायची?

तिसऱ्या वेतातली, म्हणजे तिसऱ्यांदा व्यालेली गाय. दूध उतरणीला लागलंय, दोनदा कृत्रिम रेतन करूनही गाभण राहिलेली नाही, पण स्वतःच्या खाण्याचा खर्च अजून भागवते आहे. ती ठेवायची की काढायची? गोठ्याच्या नियोजनात याहून अवघड प्रश्न क्वचितच असेल. निर्णयाला मदत करणाऱ्या संगणक प्रणालींचा खरा कस मला इथेच लागताना दिसतो.

आपण सहसा एवढंच पाहतो, की ही गाय आज नफ्यात आहे का. प्रणाली विचारते, तिच्या जागी पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेली गाय) आणली तर त्याच जागेतून येत्या काही वर्षांत किती मिळेल? या हिशोबात आज फायद्यात असलेली गायही कधी काढावी लागते. उलट, आज दूध कमी पण गाभण असलेली गाय ठेवणंच शहाणपणाचं ठरतं, कारण पुढचं वेत जवळ आलेलं असतं.

यामागचं गणित गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात मांडलं: डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. वेत कितवं, व्यायला किती महिने झाले, गाभण आहे का, दूध किती, अशा हजारो अवस्थांसाठी 'ठेवा' की 'बदला' हे भविष्याकडून आजकडे मागे येत ठरवलं जातं. पुढे दूध किती राहील, याच्या अंदाजासाठी संशोधक वुड यांचं १९६७ चं सूत्र अजूनही वापरतात. व्यायल्यावर दूध वाढतं, साधारण ६ ते ८ आठवड्यांत शिखर गाठतं आणि मग हळूहळू उतरतं. हा सगळा चढउतार त्या सूत्रात फक्त तीन संख्यांमध्ये बसतो.

खुराकाचं गणित याहून सोपं. ऊर्जा, प्रथिनं आणि तंतू यांच्या मर्यादा पाळून सर्वांत स्वस्त मिश्रण शोधायचं. मात्र तंतूंची किमान मर्यादा घालायची राहिली, तर कागदावर स्वस्त दिसणारा खुराक गाईच्या पोटात आम्लता वाढवतो. न सांगितलेली अट यंत्र पाळत नाही.

आजच्या रेतनातून जन्मलेली कालवड दुधावर यायला जवळपास तीन वर्षं लागतात. तेव्हाचा दुधाचा भाव आज कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून चांगली प्रणाली एकच उत्तर देऊन थांबत नाही; वेगवेगळे भाव धरून तोच हिशोब पुन्हा पुन्हा करते. प्रत्येक वेळी निकाल तोच आला, तर निर्धास्तपणे निर्णय घ्यावा. भाव जरासा हलताच निकाल उलटत असेल, तर दोन्ही पर्यायांत पैशाचा फरक फारसा नाही. मग गाईचे खूर, कास, स्वभाव यांबद्दलची पशुपालकाची पारख निर्णायक ठरू द्यावी.

नोंदी मात्र चोख हव्यात. माज, म्हणजे गाय रेतनासाठी तयार असण्याचा काळ, साधारण २१ दिवसांनी येतो. तो एकदा नजरेतून सुटला, तर पुढचं वेत तीन आठवडे लांबतं. रेतनाची तारीख चुकीची लिहिली गेली, तर गाय कधी आटवायची (विण्याआधी दूध काढणं कधी थांबवायचं), कधी विणार, हे सगळंच प्रणाली चुकीचं सांगते. माजाच्या काळात गाय जास्त हिंडते-फिरते. पायाला किंवा गळ्यात बांधलेले संवेदक (सेन्सर) ही वाढलेली हालचाल रात्रीही टिपतात आणि तिची वेळ थेट नोंदवहीत जाते.