बेंचमार्किंग, स्थानिक सेवांचे

पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा यांसारखी स्थानिक स्वराज्य संस्थेची सेवा ठरावीक निर्देशकांनी मोजणे, आलेला आकडा मानकाशी व सारख्या शहरांच्या आकड्यांशी ताडून पाहणे आणि जिथे सेवा उजवी आहे तिथली कार्यपद्धती अभ्यासून आपल्याकडे बदल करणे, या पद्धतीला बेंचमार्किंग म्हणतात. भारतात नागरी सेवांसाठी तिचे रूढ झालेले रूप म्हणजे ‘सेवास्तर मानके’. तिसरी पायरी गाळली तर हाती केवळ क्रमवारी उरते. त्यामुळे क्रमवारी लावणाऱ्या स्पर्धा बेंचमार्किंगमध्ये मोडतात की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

उगम : या पद्धतीचा आरंभ झेरॉक्स कंपनीत १९७९ च्या सुमारास झाला, असे व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत सहसा सांगितले जाते. जपानी प्रतिस्पर्ध्यांच्या किमतींपुढे टिकण्यासाठी कंपनीने आपल्या खर्चाची व प्रक्रियांची त्यांच्याशी तुलना केली. पुढे गोदामाच्या कामासाठी तिने एल. एल. बीन या कपडे व क्रीडासाहित्य विकणाऱ्या कंपनीची पद्धत अभ्यासली. कंपनीतील रॉबर्ट कॅम्प यांच्या १९८९ मधील ग्रंथाने ही पद्धत सर्वपरिचित झाली आणि तिथून ती शासनात आली, असे हे मत आहे.

दुसऱ्या मतानुसार नगरप्रशासनातील तुलनेची परंपरा याहून बरीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नगरप्रशासन संशोधनासाठी स्वतंत्र ब्यूरो स्थापन झाला होता. क्लॅरेन्स रिडली व हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९३८ मध्ये अग्निशमन, आरोग्य, ग्रंथालये इत्यादी नगरसेवांचे मोजमाप कसे करावे याची मांडणी केली. प्रक्रिया शिकण्यावरचा भर उद्योगांतून आला हे खरे. परंतु सेवेचा खर्च व फलित यांची शहरागणिक तुलना ही नगरप्रशासनाची स्वतःचीच परंपरा होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कंपनीला बाजारात प्रतिस्पर्धी असतो. नळाचे पाणी देणारी नगरपरिषद मात्र त्या शहरात एकटीच असते, म्हणून शेजारच्या शहराशी तुलना हाच तिथे स्पर्धेचा पर्याय ठरतो.

ब्रिटनमध्ये १९८३ पासून ऑडिट कमिशन या लेखापरीक्षण संस्थेने स्थानिक संस्थांची तुलना केली. १९९९ च्या कायद्याने सेवांचा आढावा घेताना इतरांशी तुलना करणे परिषदांचे कर्तव्य झाले आणि २००२ पासून इंग्लंडमधील परिषदांना एकत्रित श्रेणी मिळू लागली. निर्देशकांचा भार व वरून होणारी तपासणी यांवर टीका होत राहिली. कमिशन २०१५ मध्ये बंद झाले. जर्मनीत याउलट नगरपालिकांनी १९९० च्या दशकात आपणहून तुलनागट स्थापन केले. २००९ मध्ये तेथील राज्यघटनेत संघ व राज्ये यांच्या प्रशासनांच्या तुलनेसाठी अनुच्छेद ९१ड समाविष्ट झाला.

भारतातील मानके : केंद्रीय नगरविकास मंत्रालय व आशियाई विकास बँक यांनी २००७ मध्ये २० शहरांच्या पाणीपुरवठ्याची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकाही शहरात २४ तास पाणी नव्हते. मंत्रालयाच्या २००८ च्या पुस्तिकेत चार सेवांसाठी २८ निर्देशक ठरले : पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रत्येकी ९, घनकचरा ८ आणि पावसाळी पाण्याचा निचरा २. पाणीपुरवठ्याची प्रमुख मानके अशी : सर्व घरांना नळजोडणी, दरडोई दररोज १३५ लिटर, सर्व जोडण्यांना मीटर, २४ तास पुरवठा, महसूलबाह्य (देयक न आकारलेले) पाणी २० टक्क्यांपर्यंत, तक्रारींचे निवारण ८० टक्के, खर्चाची पूर्ण वसुली आणि देयकांची वसुली ९० टक्के. तेराव्या वित्त आयोगाने (२०१०–१५) कामगिरी अनुदानाच्या अटींत ही मानके जाहीर करणे समाविष्ट केल्याने पद्धतीला आर्थिक बळ मिळाले.

मोजमापाचे प्रश्न : महसूलबाह्य पाणी म्हणजे यंत्रणेत सोडलेल्या पाण्यातून देयक आकारलेले पाणी वजा करून उरणारा, टक्केवारीत मांडलेला भाग. त्यात गळती, अनधिकृत जोडण्या, मीटरमधील चुका व देयक न आकारता दिलेले पाणी हे सारे येते. शुद्धीकरण केंद्राच्या मुखाशी प्रवाहमापक नसेल, तर सोडलेले पाणी पंपाची क्षमता व चालवलेले तास यांवरून अंदाजले जाते. घरोघरी मीटर नसतील, तर देयकाचे पाणीही अंदाजानेच येते. दोन अंदाजांच्या वजाबाकीतून निघालेला २० टक्क्यांचा आकडा मोजून आलेल्या ३५ टक्क्यांपेक्षा चांगला मानता येत नाही. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक आकड्यासोबत अ ते ड अशी विश्वासार्हतेची श्रेणी देण्याची तरतूद आहे. संपूर्ण योजनेतील ही सर्वांत मोलाची आणि प्रसिद्ध तक्त्यांत सर्वांत आधी गळणारी बाब होय. मीटर बसवल्यावर पहिल्या वर्षी शहराचा आकडा बिघडलेला दिसू शकतो; वास्तविक तिथे सुधारणेला सुरुवात झालेली असते.

पुरवठ्याच्या तासांचेही तसेच आहे. दिवसाआड दोन तास पाणी देणाऱ्या शहराची सरासरी रोज एक तास भरते, पण तिथल्या कुटुंबाला साठवणीची भांडी दोन दिवसांची ठेवावी लागतात. सरासरीत टेकडीवरची वस्ती व टाकीलगतची वस्तीही एक होऊन जाते. यासाठी प्रभागनिहाय किंवा जलकुंभनिहाय आकडे अधिक उपयोगी ठरतात.

महाराष्ट्र : अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २००९ पासून गुजरात व महाराष्ट्रातील सर्व नागरी संस्थांसाठी कामगिरी मूल्यमापन प्रकल्प राबवला; महाराष्ट्रात अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था विद्यापीठाची सहयोगी होती. लहान नगरपरिषदांचे वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र मिळू लागले, हे त्याचे मोठे फलित. राज्याच्या सुजल निर्मल अभियानाने जललेखापरीक्षण, ऊर्जालेखापरीक्षण व ग्राहक सर्वेक्षण यांवर भर दिला. कराडलगतच्या मलकापूरने सु. २००९ पासून मीटर व टप्पेवार (वापरागणिक वाढणारे) दर यांच्या आधारे २४ तास पाणी दिले. मोठ्या महापालिकेपेक्षा असे गाव इतर नगरपरिषदांना तुलनेसाठी जवळचे वाटते.

क्रमवारी : स्वच्छ सर्वेक्षण २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झाले, मैसूर प्रथम आले. पुढील वर्षापासून इंदूरने अग्रस्थान दीर्घकाळ राखले. राहणीसुलभता निर्देशांकात २०१८ मध्ये १११ शहरांत पुणे पहिले होते. २०२० च्या आवृत्तीत नागरिकांच्या मताला ३० टक्के भारांक मिळाला, आराखडा बदलला आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत बंगळूरु पहिले आले. पद्धत बदलली असता दोन वर्षांच्या क्रमांकांची तुलना करू नये.

ग्रामीण भागात ही पद्धत अद्याप विरळ आहे. जल जीवन मिशनमध्ये (२०१९) दरडोई दररोज ५५ लिटर हे मानक असून नळजोडणीच्या कार्यक्षमतेची तपासणी नमुना पद्धतीने होते. ग्रामपंचायतींसाठी केंद्राने नऊ विषयांवर आधारित पंचायत प्रगती निर्देशांक तयार केला आहे.