बदल लाइव्ह करण्याआधी आणि केल्यानंतर: आमची यादी, तुमचा वाटा

तुमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायची असो, डेटाबेसची रचना बदलायची असो किंवा सगळं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं असो, प्रत्येक मायग्रेशनच्या आधी आम्ही तुम्हाला दोन पानांची एक यादी पाठवतो. पहिल्या पानावर 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. बरेच ग्राहक ती न उघडताच "ठीक आहे, करा" असं कळवतात. तुमच्या विश्वासाबद्दल आम्ही आभारी आहोत. तरीही ती यादी तुम्ही वाचावी असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण तिच्यातल्या काही ओळी फक्त तुम्हालाच तपासता येतात.

मायग्रेशनचा मुख्य भाग स्क्रिप्ट, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम, करते. तक्त्यात नवा रकाना घालणं, जुनी माहिती नव्या जागी नेणं ही कामं टेस्ट सर्व्हरवर अनेकदा चालवून पाहिलेली असतात आणि त्यात सहसा घोळ होत नाही. घोळ होतो तो आजूबाजूच्या, हाताने करायच्या कामांत. रात्री आपोआप चालणारं एखादं काम थांबवणं, नव्या स्क्रीनची परवानगी योग्य लोकांना देणं, बँकेच्या किंवा कुरिअरच्या सिस्टीमला नवा पत्ता कळवणं: ही कामं कोणाच्या तरी डोक्यात असतात, आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर असू शकतो.

प्रत्येक 'आधी'ला एक 'नंतर'

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून झालेली एक चूक सांगतो. एका ग्राहकाच्या सिस्टीममधून रोज रात्री २ वाजता सभासदांना नूतनीकरणाची आठवण करून देणारे ईमेल जायचे. अर्धवट हललेल्या माहितीवरून चुकीचे ईमेल जाऊ नयेत म्हणून मायग्रेशनआधी आम्ही ते काम बंद केलं. मायग्रेशन ४० मिनिटांत झालं. सगळे स्क्रीन उघडले, रिपोर्ट जुळले, आम्ही निर्धास्त झालो. अकराव्या दिवशी त्यांच्या हिशेब विभागातल्या बाईंचा फोन आला, "या वेळी नूतनीकरणासाठी एकाही सभासदाचा फोन कसा आला नाही हो?" रिमाइंडरचं काम तेव्हापासून बंदच होतं. कुठे एरर नाही, कुठे अलार्म नाही, कारण बंद ठेवलेलं काम तक्रार करत नाही.

आमच्या यादीत "रिमाइंडर बंद करणे" ही ओळ होती आणि तिच्यासमोर खूणही होती. "रिमाइंडर सुरू करणे" ही ओळ नव्हती.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे. पहिल्या पानावर एखादी गोष्ट बंद करायची, सैल करायची किंवा तात्पुरती द्यायची असं लिहिलं, की त्याच क्षणी दुसऱ्या पानावर तिची जोडीची ओळ लिहायची. दोन्ही ओळींना एकच क्रमांक. तुमच्याकडे येणाऱ्या यादीत '४-आधी' आणि '४-नंतर' असं दिसतं, ते यामुळे.

अशा जोड्या वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. 'काम चालू आहे' हा फलक लावला, तर तो काढायचा. ईमेल आणि एसएमएस चाचणीच्या खात्याकडे वळवले, तर परत वळवायचे. बाहेरच्या तज्ज्ञाला दोन दिवसांसाठी ॲडमिनचे अधिकार दिले, तर तिसऱ्या दिवशी काढून घ्यायचे. (ही ओळ सर्वात जास्त वेळा राहते, आणि ती राहणं सर्वात धोक्याचं.) सर्व्हर बदलताना वेबसाइटच्या पत्त्याची नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावी हे सांगणारा आकडा आम्ही एक-दोन दिवस आधीच ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणतो, म्हणजे बदल केल्यावर जग लवकर नव्या पत्त्याकडे वळतं. सगळं स्थिर झालं की तो आकडा पुन्हा वर न्यायचा. मायग्रेशनच्या वेळी नाहक वाजू नयेत म्हणून धोक्याच्या सूचना शांत केल्या असतील, तर त्या पुन्हा जाग्या करायच्या. आणि पैसे भरल्याचे निरोप बाहेरून येत असतील, तर ते नुसते पुन्हा सुरू करून भागत नाही. मधल्या वेळेत आलेले आणि आपल्यापर्यंत न पोहोचलेले निरोप मागवून घ्यावे लागतात.

बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला का?

'आधी'च्या पानावर "बॅकअप घेतला" अशी ओळ तुम्हाला सापडणार नाही. त्या जागी "बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून नोंदी मोजल्या" अशी ओळ असते, आणि समोर मोजलेला आकडा.

याचं कारण ३१ जानेवारी २०१७ च्या एका घटनेत आहे. गिटलॅब या कंपनीत काम करताना एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा, म्हणजे चालू डेटाबेसचा डेटा पुसला गेला. बॅकअपचे एकाहून अधिक मार्ग कागदावर होते. प्रत्यक्षात रोजच्या बॅकअपचा प्रोग्रॅम डेटाबेसशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीचा असल्याने निकामी होत होता, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुमारे ६ तास आधी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून तिथवरचं तरी परत मिळालं. गिटलॅबने हे सगळं उघडपणे जगासमोर मांडलं, आणि आमच्यासारख्या लहान फर्मना त्यातून फार शिकता आलं.

परतीची वेळ

"बिघडलं तर जुनं परत आणू" हे म्हणायला सोपं आहे. सकाळी ९ ला नवी सिस्टीम सुरू झाली, दुपारी १ पर्यंत तुमच्या लोकांनी ६० बिलं केली आणि मग जुना बॅकअप परत आणला, तर ती ६० बिलं गेली. म्हणून यादीत मधोमध एक ठळक ओळ असते: अमुक वाजेपर्यंतच मागे फिरता येईल, त्यानंतर जे बिघडेल ते पुढे जाऊनच दुरुस्त करायचं. ही वेळ आम्ही एकट्याने ठरवत नाही. तुमच्या बाजूने "पुढे जा" किंवा "थांबा" म्हणण्याचा अधिकार असलेली एकच व्यक्ती आम्हाला हवी, आणि त्या वेळी ती फोनवर मिळायला हवी.

डेटाबेस कोणता आहे यावरही बरंच अवलंबून असतं. पोस्टग्रेसमध्ये रचनेतले बहुतेक बदल एकाच व्यवहारात बांधता येतात. मध्येच काही चुकलं तर सगळे एकत्र रद्द होतात. मायएसक्यूएलमध्ये रचनेचा प्रत्येक बदल लगेच कायम होतो, त्यामुळे दहापैकी सहाव्या पायरीवर अडलं तर आधीच्या पाच पायऱ्या झालेल्याच राहतात. तिथे प्रत्येक पायरीची उलटी पायरी आम्ही आधीच लिहून, चालवून ठेवतो. शक्य असेल तेव्हा बदल दोन टप्प्यांत करतो: आधी नवा रकाना घालायचा, जुना तसाच ठेवायचा, काही आठवडे दोन्ही जपायचे, आणि जुना रकाना पुढच्या खेपेला काढायचा. एवढा वेळ का लागतो असं काही ग्राहक विचारतात. मागे फिरण्याचा रस्ता उघडा राहावा, म्हणून.

लाइव्ह झाल्यानंतर

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. नवा प्रोग्रॅम ८ सर्व्हरवर टाकायचा होता. टाकला गेला ७ वर. आठव्यावर जुना कोड जागा झाला आणि भराभर चुकीचे सौदे करत सुटला. दुसऱ्या कोणी हे काम तपासावं असा लेखी नियमच त्यांच्याकडे नव्हता, असं नंतर अमेरिकी नियामकांनी नोंदवलं. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी चुकीकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते. आणि गोंधळ थांबवण्याच्या घाईत, ज्या ७ सर्व्हरवर काम बरोबर झालं होतं तिथलाच नवा कोड त्यांनी काढला. नुकसान आणखी वाढलं.

म्हणून आमच्या दुसऱ्या पानावर "आवृत्ती तपासली" अशी एक ओळ नसते. जितके सर्व्हर तितक्या ओळी असतात, आणि ज्याने काम केलं त्याने स्वतःच खूण करायची नाही, दुसऱ्याने करायची. प्रत्येक ओळीसमोर नाव, वेळ आणि पुरावा: आकडा, स्क्रीनशॉट, काहीतरी. 'लागू नाही' लिहायचं असेल तर कारणासह.

काही तपासण्या बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटतील. माहिती एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेल्यावर बिलांचे आकडे सगळे येतात, पण पुढचा क्रमांक देणारा डेटाबेसमधला काउंटर मागेच राहू शकतो. मग पहिलंच नवं बिल "हा क्रमांक आधीच वापरला आहे" म्हणून अडतं. पोस्टग्रेसची आवृत्ती वाढवल्यावर कोणत्या तक्त्यात काय प्रमाणात आहे याची डेटाबेसने स्वतःसाठी ठेवलेली माहिती १८व्या आवृत्तीआधी सोबत येतच नसे. ती पुन्हा गोळा केली नाही, तर काल दोन सेकंदांत येणारा रिपोर्ट आज ताटकळत ठेवतो. मराठी नावांकडे आम्ही मुद्दाम लक्ष देतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. वाटेत एखादी पायरी जुन्या पद्धतीची असली, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि ती एकदा तशी साठवली गेली की मूळ नाव परत मिळत नाही. म्हणून हलवल्यानंतर जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्य' असलेली दहा नावं आम्ही डोळ्यांनी वाचतो.

यादी जिवंत कशी राहते

यादी बदलाला चिकटलेली असते, तारखेला नाही. ऐनवेळी एखादा बदल पुढच्या खेपेवर ढकलला, तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या ओळीही त्याच्याबरोबर जातात. असं केलं नाही, तर न झालेल्या बदलासाठी कुठेतरी काहीतरी बंद केलेलं राहतं. शिवाय हीच यादी, याच क्रमाने, आम्ही आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतो आणि प्रत्येक पायरीला किती वेळ लागला ते लिहितो. तुम्हाला सांगितलेली बंद राहण्याची वेळ त्यातूनच येते. जी पायरी तीन-चार वेळा तशीच हाताने करावी लागली, ती आम्ही स्क्रिप्टमध्ये घालतो आणि यादीतून काढतो. यादी लांबली की लोक न वाचता खुणा करतात, हे आम्ही स्वतः पाहिलं आहे.

तुमच्याकडून काय हवं

आदल्या संध्याकाळी, काम थांबल्यावर, तीन आकडे लिहून ठेवा: शेवटच्या बिलाचा क्रमांक, एकूण येणं रक्कम, आणि चालू ग्राहकांची संख्या. लाइव्ह झाल्यावर हेच तीन आकडे नव्या सिस्टीममध्ये तुम्ही स्वतः पाहा. आम्हीही मोजतोच, पण तुमच्या वहीतला आकडा आमच्या हातून गेलेला नसतो, हीच त्याची किंमत.

मायग्रेशनचा दिवस महिनाअखेर, पगार किंवा लेखापरीक्षणाच्या आसपास नको. बाहेरच्या कोणकोणत्या सिस्टीम तुमच्याशी जोडलेल्या आहेत ते एक आठवडा आधी कळवा, तुमच्यापैकी कोणीतरी स्वतःच बनवलेली एक्सेल शीटसुद्धा, कारण रकान्याचं नाव बदललं की पहिली तीच बंद पडते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीला व्यवस्थापकांऐवजी रोज त्या स्क्रीनवर बसणाऱ्या व्यक्तीला बसवा. नेहमीची तीन कामं त्यांनी नेहमीच्या वेगाने करून पाहावीत. बटण सरकलंय, टॅब दाबल्यावर भलत्याच चौकटीत जातंय, हे त्यांच्या बोटांना आधी कळतं.

लाइव्ह झाल्यानंतर सातव्या दिवशी आमचा फोन येईल. तेव्हा दुसरं पान समोर ठेवा. क्रमांकाने एकेक ओळ वाचू, आणि एकही 'नंतर' उघडी नसेल तेव्हाच तो बदल आमच्याकडे बंद म्हणून नोंदला जाईल.