पारंबीला बांबूचा आधार

कोलकात्याशेजारी हावड्याच्या शिबपूरमध्ये १७८७ साली स्थापन झालेलं वनस्पती उद्यान आहे. आज त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे. तिथला प्रसिद्ध वड साडेतीन एकरांहून जास्त जागेवर पसरलाय आणि त्याला मुख्य खोडच नाही! १८६४ आणि १८६७च्या चक्रीवादळांत तो जखमी झाला. पुढे बुंध्यात बुरशी शिरली आणि १९२५ साली कुजलेला बुंधा कापून काढावा लागला. तोवर पारंब्यांचीच खोडं झाली होती, म्हणून झाड वाचलं.

पारंबी म्हणजे फांदीला फुटलेलं मूळ. लोंबकळते तोवर ती दोरीसारखी लवचीक असते. टोक मातीत रुजलं की आतल्या लाकडात खास ताण धरणारे तंतू तयार होतात आणि पारंबी आखडून ताठ होते. वडाच्या जवळच्या नात्यातल्या झाडांवर हे नीट अभ्यासलं गेलंय. मग ती जाड होत जाते, पाणी वर चढवते आणि आडव्या फांदीचं ओझं पेलते.

सगळा धोका जमिनीला टेकण्याआधीचा. कोवळं टोक उन्हानं सुकतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातानं तुटतं. म्हणून तिथले माळी कोवळी पारंबी पोकळ बांबूतून खाली उतरवतात. नळीत ओल राहते, टोक जपलं जातं, आणि खोड नेमकं कुठे हवं तेही ठरवता येतं. अशी एकेक पारंबी खांबाएवढी व्हायला वर्षं लागतात.

२० मे २०२०ला अम्फान वादळ आलं तेव्हा टाळेबंदीमुळे उद्यान बंद होतं. शेकडो झाडं उन्मळली, या वडाच्याही पारंब्या गेल्या. अशा वेळी मदत म्हटलं की आपल्याला रोपं लावायचं सुचतं. रोपं हवीतच. पण मला वाटतं, पहिला पैसा माळ्यांच्या पगाराला जावा. कुठल्या फांदीखाली आधार उरलेला नाही, कुठली पारंबी हातभर खाली आली की नळी लावायची, हे रोज झाडाखाली वावरणाऱ्यालाच कळतं. तो माणूस गेला तर नव्याला ते झाड ओळखायलाच काही पावसाळे जातील.

आपल्याकडे रस्त्याकडेच्या वडांच्या पारंब्या वाहनांना लागतात म्हणून सर्रास छाटतात. फांदी मात्र लांबतच राहते, आणि एखाद्या वळवाच्या पावसात कडाडून खाली येते.