गँगमनची साठी आणि २००४ ची कबुली

१ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. सैन्यदले तेवढी वगळली गेली. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, रेल्वे बोर्डाने एक पत्रक काढले. ड्रायव्हर आणि गँगमन (रुळांची देखभाल करणारे कामगार) यांची शारीरिक क्षमता आणि चपळाई वयाबरोबर कमी होते, त्यातून गाड्यांच्या सुरक्षिततेला धोका निर्माण होतो, म्हणून त्यांना मुदतीआधी निवृत्त होता यावे आणि त्यांच्या जागी त्यांचा पाल्य घेता यावा, असा त्या पत्रकाचा आशय होता. योजनेचे नाव ‘सेफ्टी रिलेटेड रिटायरमेंट स्कीम’.

या दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बाप जुनी पेन्शन घेऊन घरी जाणार आणि त्याच रुळावर, तीच पहार हातात घेऊन उभा राहणारा मुलगा मात्र नव्या पेन्शन योजनेत जाणार. त्याच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जाणार, ते बाजारात गुंतवले जाणार, आणि म्हातारपणी किती मिळेल याची हमी कोणी देणार नाही. एका घरात, एका कामासाठी, निवृत्तीचे दोन वेगळे हिशेब. तिथपर्यंत गोष्ट कशी पोहोचली, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची. पण रेल्वे कामगारांना पेन्शन मिळायला त्यानंतर शंभरहून जास्त वर्षे लागली. तोवर प्रॉव्हिडंट फंड होता. कामगाराची वर्गणी, रेल्वेची वर्गणी, आणि निवृत्तीच्या दिवशी हातात पडणारी एकरकमी थैली. ती घर बांधण्यात, मुलीच्या लग्नात किंवा गावच्या कर्जात संपली की पुढची वर्षे मुलांच्या भरवशावर. १६ नोव्हेंबर १९५७ पासून रेल्वेत पेन्शन योजना आली आणि आधीपासून नोकरीत असलेल्यांना दोन्हींतून एक निवडायची मुभा मिळाली.

पेन्शनचे गणित ३३ वर्षांवर बसवलेले होते. पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा ३३ वर्षे भरली, तर शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी पेन्शन. कमी भरली तर त्या प्रमाणात कमी. वीस वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येत असे, पण मग पेन्शनही तेवढी आक्रसत असे. नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता. विशीत कारकून म्हणून लागलेल्या माणसाला ३३ वर्षे भरणे अवघड नव्हते. गँगमनचे तसे नव्हते, कारण तो बहुतेक वेळा आधी ‘कॅज्युअल’ असायचा.

हा कॅज्युअल मजूर म्हणजे रेल्वेच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे. नवी लाइन टाकायची, दुपदरीकरण करायचे, पावसाळ्याआधी खडी भरायची, की रोजंदारीवर माणसे घ्यायची आणि काम संपले की घरी पाठवायची. पुढच्या हंगामात तीच माणसे पुन्हा. अशी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे गेलेली माणसे होती. ठरावीक दिवस सलग भरले की ‘टेम्पररी स्टेटस’, म्हणजे तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा दर्जा, मिळे, आणि कायम होणे त्याच्याही पुढे. १९८५ मध्ये इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरच्या कॅज्युअल मजुरांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याच्या योजनेवर शिक्कामोर्तब केले आणि तिची व्याप्ती वाढवली. नोकरी पक्की झाली, पण पेन्शनसाठी आधीची वर्षे धरायची कशी? टेम्पररी स्टेटसनंतरच्या सेवेतला निम्मा काळ धरायचा, असा नियम होता. त्याआधी उन्हातान्हात काढलेली वर्षे हिशेबातच नव्हती. ती निम्मी तरी धरा, हे सर्वोच्च न्यायालयाने राकेश कुमार खटल्यात सांगितले, ते मार्च २०१७ मध्ये. तोवर किती जण थोडक्या पेन्शनवर निवृत्त होऊन गेले असतील, याचा विचार करून पाहावा.

आता २००४ च्या योजनेकडे परत येऊ. त्यात पात्रतेची अट होती ३३ वर्षांच्या सेवेची. विसाव्या वर्षी थेट कायम झालेला गँगमन त्रेपन्नाव्या वर्षी ही अट पूर्ण करतो. पण जो पस्तिशीच्या आसपास कायम झाला, त्याची ३३ वर्षे साठीपर्यंत भरतच नाहीत. म्हणजे ज्याचे शरीर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त झिजले, तोच योजनेच्या बाहेर राहिला.

हे झिजणे काय असते ते बाहेरच्या माणसाला सहज दिसत नाही. मुंबईकराला रविवारचा मेगाब्लॉक माहीत असतो, कारण त्या दिवशी गाड्या उशिरा येतात. त्या ब्लॉकमध्ये नारिंगी जाकिटे घालून रुळावर वाकलेली माणसे म्हणजे हीच. ६० किलोचा रूळ असे म्हणतात ते एका मीटरचे वजन. तेरा मीटरचा एक तुकडा पावणेआठशे किलोंहून थोडा जास्तच भरतो. यंत्रे आली आहेत, पण वळणावर, पुलावर, घाटात शेवटी माणसाचीच पाठ लागते. चावीवाला, म्हणजे कीमन, रोज आपल्या हद्दीतले काही किलोमीटर पायी चालतो. खांद्यावर हातोडा, पाना, झेंडे, आणि गाडी थांबवायची वेळ आली तर रुळावर लावायचे फटाके. कसारा घाटात आणि कर्जत-लोणावळा घाटात पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. दरड पाहायची, पाणी पाहायचे, आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज पावसाच्या आवाजातून वेगळा ओळखायचा. पन्नाशीनंतर कान आणि गुडघे दोन्ही तेवढे साथ देत नाहीत.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा आढावा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात रेल्वे अपघातांत १,०१९ लोकांचा जीव गेला, तर काम करताना मेलेले रेल्वे कर्मचारी सुमारे १,६०० होते. जखमी कर्मचारी ८,७०० च्या घरात. गाडी घसरली की देशभर बातमी होते. रुळावरचा माणूस गाडीखाली आला तर स्टेशनाबाहेर फारसे कोणाला कळत नाही.

म्हणून २००४ च्या पत्रकातले शब्द नीट वाचायला हवेत. तिथे धोका मान्य केला आहे, पण तो गाडीला असलेला धोका आहे. म्हाताऱ्या होत चाललेल्या गँगमनमुळे वाहतूक धोक्यात येईल, ही काळजी आहे. त्या कामामुळे गँगमनचे काय होते, हा प्रश्न त्यात नाही. तरीही ती मोठी गोष्ट होती. १९९८ मध्ये केंद्र सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले होते. त्यानंतर सहाच वर्षांत रेल्वेने स्वतःच्या सहीने लिहून दिले की काही कामांसाठी साठी हे वय फार उशिराचे आहे.

पण ही कबुली हक्क म्हणून आली नाही, अदलाबदल म्हणून आली. पाल्य परीक्षेत आणि वैद्यकीय तपासणीत पास झाला तरच बापाची निवृत्ती मंजूर. तो नापास झाला, त्याचे डोळे कमी पडले, की बाप पुन्हा रुळावर. ज्याला मूल नाही, किंवा ज्याच्या मुलाने वेगळी वाट धरली, त्याच्यासाठी योजनेत काहीच नव्हते. एखाद्याच्या गुडघ्यांचा निकाल दुसऱ्याच्या दृष्टीच्या चाचणीवर ठरावा, हे मला आजही पटत नाही.

मधल्या काळात पेन्शनचे गणित बदलले. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ मध्ये, पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षांची अट गेली आणि वीस वर्षे पुरेशी ठरली. ११ सप्टेंबर २०१० रोजी रेल्वेने योजना वाढवली. १८०० ग्रेड पे असलेल्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीतल्या, सुरक्षेशी संबंधित इतर पदांनाही ती लागू झाली, त्यांच्यासाठी सेवेची अट २० वर्षांवर आली आणि वय ५० ते ५७ ठरले. नावही बदलले, त्यात आता ‘गॅरंटीड एम्प्लॉयमेंट’, म्हणजे हमीची नोकरी, हे शब्द आले आणि नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘लार्सजेस’ म्हणू लागले. योजनेचे मन कुठे होते ते या नव्या नावातच दिसते. रेल्वे वसाहतींमध्ये तिच्याकडे मुलाला चिकटवण्याची संधी म्हणूनच पाहिले गेले, आणि त्यात त्या लोकांचा दोष नाही. सरकारी नोकरीची दारे सगळीकडे बंद होत असताना कोणता बाप वेगळे वागला असता?

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून महापालिका आणि नगरपालिकांतल्या सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची तरतूद आपल्याकडे अनेक दशकांपासून आहे. तिथेही कामाच्या जोखमीची भरपाई म्हणून पुढच्या पिढीला तेच काम मिळते. गटारात उतरणाऱ्याने लवकर निवृत्त व्हावे आणि त्याची पेन्शन अबाधित राहावी, हा विचार तिथेही मागेच राहिला.

याच रेल्वेत दुसरे उदाहरणही आहे, जिथे कामाचा ताण थेट पेन्शनमध्ये धरला गेला. इंजिन चालवणारे आणि गार्ड यांना ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात. त्यांचा रनिंग अलाउन्स, म्हणजे धावत्या गाडीवरच्या कामाचा भत्ता, पगाराचाच भाग मानतात आणि पेन्शन काढताना मूळ पगारात ५५ टक्के मिळवले जातात. हेही सहज टिकलेले नाही. पूर्वी ही मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत होती. ती कमी करणारी दुरुस्ती डिसेंबर १९८८ मध्ये झाली आणि १९७३ पासून, म्हणजे मागच्या तारखेने लागू केली गेली. जे आधीच निवृत्त झाले होते त्यांची पेन्शनही त्यात कापली जाणार होती. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रंगधामैया खटल्यात ती मागची तारीख रद्द केली. माणूस निवृत्त झाला त्या दिवशी जो हक्क त्याचा झाला, तो नंतर नियम बदलून काढून घेता येत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. पेन्शनच्या खटल्यांत या निकालाचा आधार आजही घेतला जातो.

ट्रॅक मेंटेनरला (गँगमनचे आताचे नाव) सातव्या वेतन आयोगानंतर जोखीम व खडतर कामाचा भत्ता मिळतो, सुरुवातीला तो महिन्याला २,७०० रुपये होता. चांगलेच आहे. पण तो भत्ता पेन्शनमध्ये धरला जात नाही. इंजिनात बसलेल्याच्या कष्टांचा हिशेब निवृत्तीनंतरही सोबत राहतो, इंजिनापुढच्या रुळावर राबलेल्याचा हिशेब शेवटच्या पगारपत्रकावर थांबतो. ड्रायव्हरांचे काम सोपे आहे असे मी म्हणत नाही, त्यांनी जे मिळवले ते लढून मिळवले. गँगमन मात्र लाइनभर विखुरलेला, चार-दोन जणांच्या गँग हटमध्ये राहणारा. त्याचा आवाज एकत्र यायला नेहमीच उशीर झाला.

लार्सजेसचा शेवट न्यायालयात झाला. २७ एप्रिल २०१६ रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने काला सिंग खटल्यात म्हटले की ही सार्वजनिक नोकरीत मागच्या दाराने प्रवेश देण्याची युक्ती आहे आणि समान संधीच्या तत्त्वाला ती छेद देते. रेल्वेची फेरविचार याचिका जुलै २०१७ मध्ये फेटाळली गेली. २७ ऑक्टोबर २०१७ पासून योजना थांबली. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेल्वेने ती रीतसर बंद केली. जे बाप त्या तारखेआधीच निवृत्त झाले होते आणि केवळ कागदपत्रांमुळे मुलाची नेमणूक अडली होती, त्यांना तेवढी सवलत मिळाली. त्यानंतरही अर्ज, याचिका चालूच राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये मनजीत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले.

न्यायालयाचे म्हणणे मला मान्य आहे. गावातल्या शेतमजुराच्या मुलालाही रेल्वेत लागण्याचा तेवढाच हक्क आहे, आणि नोकरी वारशाने मिळू लागली तर त्याला ती कधीच मिळणार नाही. पण त्या निकालांपुढे प्रश्न नेमणुकीचा होता. पन्नाशीनंतर हे शरीर या कामाला पुरत नाही, हे २००४ चे निरीक्षण कोणी खोडलेले नव्हते. योजना बंद करताना रेल्वेला वारसाची अट काढून लवकर निवृत्तीची सोय तेवढी ठेवता आली असती. तसे झाले नाही. दोन्ही एकत्र बांधलेले होते, ते एकत्रच गेले.

नेहमीची स्वेच्छानिवृत्ती सोडली, तर उरली ती वैद्यकीय वाट. डोळे, कान, पाठ तपासणीत नापास झाली तर माणसाला दुसऱ्या हलक्या कामावर घ्यावे लागते. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या ४७ व्या कलमाने हे बंधनकारक केले होते. म्हणजे थकल्यावर नाही, पुरते मोडल्यावर.

आणि २००४ नंतर बापाच्या जागी लागलेली मुले? तीही आता चाळिशी-पन्नाशीकडे निघाली आहेत. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना सुरू झाली. त्यात पंचवीस वर्षे भरली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या रकमेची हमी आहे. किमान दहा वर्षे सेवा झाली असेल तर निवृत्तीनंतर दरमहा १०,००० रुपयांची किमान हमी आहे. नव्या पेन्शनच्या तुलनेत हा दिलासा नक्कीच आहे. वीस वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्तीही घेता येते. मात्र तशी ती घेतली, तर हमीची रक्कम लगेच सुरू होत नाही, माणूस मुदतीप्रमाणे ज्या दिवशी निवृत्त झाला असता त्या दिवसापासून सुरू होते. २००५ मध्ये पंचविसाव्या वर्षी रुळावर उभा राहिलेला मुलगा २०३० मध्ये पन्नाशीचा होईल आणि त्याची पंचवीस वर्षे भरतील. त्याने तेव्हा पहार खाली ठेवली, तर पेन्शनचा पहिला रुपया त्याच्या हातात पडेल तो २०४० मध्ये.