संडास बांधले, टाक्या उपसायच्या राहिल्या

महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान शहरांत भुयारी गटार नाही. घरोघरी संडास आणि त्याखाली सेप्टिक टँक. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी सुमारे ३८ टक्के या टाक्यांवर होती. गटारजोडणी असलेली ३३ टक्क्यांच्या आसपास.

टोपलीचे संडास, म्हणजे ज्यांतला मैला माणसांना उचलून न्यावा लागे ते, हटवताना टाकी सोयीची ठरली. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. (कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास त्याआधी कितीतरी वर्षं करून दाखवले होते. ती वाट मागेच पडली.)

टाकी अर्धंच काम करते. जड मैला तळाशी बसून थोडाफार कुजतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवं. दाटीच्या आळीत खड्ड्याला जागा कुठली? नळी सरळ उघड्या गटारात सोडलेली. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा असं नियम सांगतो. प्रत्यक्षात टाकी तुंबून वास सुटेपर्यंत झाकणाला कुणी हात लावत नाही, आणि कित्येक घरांत झाकणावर फरशीच बसवलेली असते. मग गाळ उपसणारी गाडी बोलवायची. उपसलेला गाळ ओढ्यात किंवा माळावर रिकामा होतो.

२०१४च्या स्वच्छ भारत अभियानाने संडास वाढवले, म्हणजे टाक्याही वाढवल्या. मैला-गाळाचं राष्ट्रीय धोरण २०१७ साली आलं. त्याआधी २०१५ साली कर्नाटकातल्या देवनहळ्ळीत फक्त या गाळासाठीचं प्रक्रिया केंद्र उभं राहिलं होतं.

वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८च्या सुमारास वेगळंच केलं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी तक्रारीची वाट न बघता वॉर्डांच्या क्रमाने, साधारण तीन वर्षांतून एकदा, प्रत्येक टाकी उपसायचं ठरवलं. गाडी आल्यावर वेगळे पैसे मागायचे नाहीत, खर्च करातून भागवायचा. ठेकेदाराला पैसे कामाच्या हिशेबाने. प्रक्रिया केंद्र बांधण्यापेक्षा अवघड भाग हाच, असं मला वाटतं. केंद्र बांधायला निधी मिळतो, वेळापत्रक मात्र नगरपरिषदेला वर्षानुवर्षं रेटावं लागतं.

आणि गाडी फक्त गाळ नेते. नळीतून गटारात सुटणारं पाणी तसंच वाहतं. २०२१ साली स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा आला, तेव्हा एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या शहरांचं सांडपाणीही त्यात घेतलं गेलं.