उठावाची भीती आणि रणांगणावरचा पराभव

२ जानेवारी १९६३ रोजी मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या आप बाक या खेड्याजवळ सुमारे साडेतीनशे कम्युनिस्ट गनीम दक्षिण व्हिएतनामी लष्कराच्या वेढ्यात सापडले. लष्कराचे संख्याबळ त्यांच्या जवळजवळ चौपट होते. शिवाय तोफखाना, हेलिकॉप्टरे, चिलखती गाड्या आणि अमेरिकी सल्लागार दिमतीला होते. तरीही दिवस मावळेपर्यंत पाच हेलिकॉप्टरे गमवावी लागली, लष्कराचे सुमारे ऐंशी सैनिक मारले गेले आणि रात्रीच्या अंधारात गनीम निसटून गेले. जवळच असलेल्या प्रांताधिकाऱ्याच्या तुकड्यांनी विनवण्या करूनही हल्ला चढवला नाही, आणि छत्रीधारी सैनिक उतरवले गेले ते गनिमांची पळवाट मोकळी राहील अशा बाजूला.

हा नुसता भित्रेपणा होता असे म्हणून विषय संपवता येत नाही. राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्याविरुद्ध नोव्हेंबर १९६० मध्ये लष्करी उठावाचा एक प्रयत्न होऊन गेला होता. तेव्हापासून त्यांनी सेनापती निवडताना निष्ठा आधी पाहिली, प्रांताधिकाऱ्यांच्या हाती वेगळ्या तुकड्या ठेवून त्यांची सूत्रे थेट स्वतःकडे घेतली आणि फार मनुष्यहानी करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांवर आपली खप्पामर्जी होईल, हे सर्वांना कळू दिले. अशा व्यवस्थेत शहाणा अधिकारी लढण्याचे टाळतो. आप बाकला जे घडले ते या व्यवस्थेच्या तर्काला धरूनच घडले.

नागरी सत्ता आणि लष्कर यांच्या संबंधांचा अभ्यास ही राज्यशास्त्राची एक जुनी शाखा आहे. राज्याच्या रक्षणासाठी जे हत्यार बाळगायचे ते शत्रूला भिववण्याइतके धारदार हवे, पण ते धन्यावर उलटू नये, हा तिचा मूळ प्रश्न. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९५७ साली याचे एक उत्तर मांडले: सैन्याला त्याच्या व्यवसायापुरती स्वायत्तता द्यावी, युद्धकलेत पारंगत होऊ द्यावे, म्हणजे ते आपोआप राजकारणापासून अलिप्त राहील. पुढे पीटर फीव्हर यांनी हा संबंध मालक आणि मुनीम यांच्यासारखा मांडला. काम मुनीमाच्या हाती असते, मालकापेक्षा त्यातले त्याला अधिक कळते, आणि म्हणूनच त्याच्यावर देखरेख किती ठेवायची हा मालकाचा कायमचा पेच असतो. एलियट कोहेन यांनी तर हंटिंग्टन यांची विभागणीच नाकारली. युद्धकाळातले समर्थ नागरी नेते सेनापतींना सतत प्रश्न विचारतात, हे त्यांनी अमेरिकेचे लिंकन, फ्रान्सचे क्लेमांसो, ब्रिटनचे चर्चिल आणि इस्रायलचे बेन-गुरियन यांच्या उदाहरणांवरून दाखवले. हा सगळा वाद मुख्यतः लोकशाही देशांविषयीचा आहे, आणि माझ्या मते या शाखेतले अधिक रोचक काम गेल्या तीन दशकांत हुकूमशाही राज्यांवर झाले आहे.

जेम्स क्विनलिव्हन यांनी १९९९ मध्ये सौदी अरेबिया, इराक आणि सीरिया या तीन राज्यांच्या उठावप्रतिबंधक उपायांची पाहणी केली. मोक्याच्या पदांवर नात्यागोत्याची, पंथाची किंवा टोळीची माणसे नेमणे, नियमित सैन्याला तोलून धरणारे दुसरे सैन्य उभारणे, एकमेकांवर पाळत ठेवणाऱ्या अनेक गुप्तचर यंत्रणा पोसणे, असे हे उपाय होते. मात्र या उपायांची लढाईत नेमकी काय किंमत मोजावी लागते, हे मोजणे अवघड असते. दुबळे सैन्य दुबळे का आहे, याला गरिबी, अशिक्षितपणा, समाजातली फूट, जुनी शस्त्रे अशी अनेक कारणे पुढे करता येतात.

कॅटलिन टॅलमाज यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांनी तुलना फार विचारपूर्वक निवडली. त्यांनी सैन्याच्या चार गोष्टी तपासल्या: बढती कोणत्या निकषावर मिळते, सराव किती आणि कसा होतो, निर्णय कोण घेतो, आणि माहिती वर-खाली व बाजूच्या तुकड्यांकडे वाहते की अडवली जाते. उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाम यांची भाषा व संस्कृती एकच, दोन्ही राज्ये गरीब आणि नव्याने उभी राहिलेली. शस्त्रांत तर दक्षिणेचेच पारडे जड होते. तरीही सलग लढण्याची, डावपेच बदलण्याची क्षमता उत्तरेकडे दिसली. उत्तरेच्या नेतृत्वाला स्वतःच्या सैन्याकडून उठावाची भीती नव्हती, त्यामुळे सैन्य बाहेरच्या युद्धासाठी घडवता आले.

यापेक्षाही बोलके उदाहरण इराकचे आहे, कारण तिथे देश तोच, शासक तोच आणि युद्धही तेच असताना फक्त पद्धत बदलली. १९३६ पासून १९६८ पर्यंत इराकने अनेक उठाव पाहिले होते, आणि १९६८ च्या सत्तापालटातून वर आलेल्या सद्दाम हुसेनला हा इतिहास चांगलाच ठाऊक होता. सप्टेंबर १९८० मध्ये त्याच्या फौजा इराणमध्ये घुसल्या तेव्हा बारीकसारीक हालचालींनाही बगदादची अनुमती लागे आणि अधिकाऱ्यांची निवड निष्ठेवर होत असे. खोर्रमशहर हे इराणी शहर जिंकायला त्यांना अनेक आठवडे लागले आणि मे १९८२ मध्ये ते हातचे गेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये इराणने इराकच्या दक्षिण टोकाचा फाव द्वीपकल्प घेतला, तेव्हा पराभवच राजवट बुडवील अशी वेळ आली. मग सद्दामने हात सैल सोडला, तोही सर्व सैन्याबाबत नव्हे. रिपब्लिकन गार्ड हे सद्दामचे खास सैन्य आणि काही निवडक तुकड्या यांमध्ये कर्तबगारी पाहून बढत्या दिल्या गेल्या, सेनापतींना अधिक मोकळीक मिळाली आणि कसून सराव सुरू झाला. फाव परत घेण्यासाठी तर त्या भूभागाची पूर्णाकृती प्रतिकृती उभारून तालीम करण्यात आली. १७ एप्रिल १९८८ रोजी हल्ला सुरू झाला आणि सुमारे ३५ तासांत फाव पुन्हा इराकच्या ताब्यात आले.

अर्थात या विजयामागे आणखी कारणे होती. इराण तोवर थकला होता, आणि इराकने रासायनिक अस्त्रे सर्रास वापरली. पण ती अस्त्रे आधीच्या पराभवांच्या वेळीही त्याच्याकडे होतीच, म्हणून नुसत्या अस्त्रांनी हा फरक समजावता येत नाही. युद्ध संपताच सद्दामने यशस्वी सेनापतींना बाजूला सारले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. बाहेरचा धोका ओसरला की लोकप्रिय सेनापती हाच नवा धोका ठरतो.

आकडेवारीच्या अंगाने काम करणाऱ्यांनी वेगळी बाजू उजेडात आणली. १९५० ते २०१० या काळात जगात साडेचारशेहून अधिक उठावांचे प्रयत्न झाल्याची नोंद जोनाथन पॉवेल आणि क्लेटन थाइन यांनी केली, आणि त्यांतले सुमारे निम्मे यशस्वी झाले. (सत्ता किमान सात दिवस टिकली तरच उठाव यशस्वी मानायचा, अशी त्यांची व्याख्या, कुठे तरी रेघ ओढावीच लागते.) एरिका डी ब्रुइन यांच्या संशोधनात असे दिसते की समांतर सैन्य असले तर उठाव फसण्याची शक्यता वाढते, पण असे सैन्य नव्याने उभारताना जुन्या सैन्यातला असंतोष भडकून उठावाचा प्रयत्न होण्याची शक्यताही वाढते. म्हणजे संरक्षणासाठी केलेला उपाय पहिल्या काही काळात स्वतःच धोका बनतो.

आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या अभ्यासकांना यातून मोठी अडचण उद्भवते. कोणत्या देशाची ताकद किती, हे ठरवताना रणगाडे, विमाने आणि सैनिक मोजण्याची प्रथा आहे. १९९० मध्ये इराकच्या सैन्याला जगातले चौथ्या क्रमांकाचे मोठे सैन्य म्हटले जात होते, आणि १९९१ मध्ये कुवेतवरून अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांशी झालेली जमिनीवरची लढाई त्याच्या पराभवाने १०० तासांत थांबली. बढतीच्या याद्या आणि सरावाच्या वेळापत्रकाचा अंदाज उपग्रहाच्या छायाचित्रांवरून येत नाही. त्यातून शासकाचीही फसगत होते, कारण वाईट बातमी वर पोहोचवणाऱ्याला शिक्षा मिळत असेल, तर स्वतःचे सैन्य किती पोकळ आहे हे त्यालाच सर्वांत शेवटी कळते, आणि अशा अज्ञानातून युद्धे सुरू होऊ शकतात.

या संशोधनाचा कच्चा दुवा त्याच्या साधनांत आहे. सद्दामच्या बैठकांच्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे अभ्यासकांच्या हाती लागली ती २००३ मध्ये त्याची राजवट कोसळल्यावर. सोव्हिएत दप्तरे बऱ्याच अंशी उघडली ती १९९१ नंतर. आणि दक्षिण व्हिएतनामविषयी इतके तपशील मिळतात, कारण तिथे प्रत्येक तुकडीसोबत अहवाल लिहिणारे अमेरिकी सल्लागार होते. ज्या हुकूमशाही राजवटी अद्याप भक्कम आहेत आणि ज्यांच्या सैन्याविषयी आज सर्वाधिक चिंता वाटते, त्यांच्या बढत्यांचे निकष आणि अंतर्गत अहवाल बंद कपाटांतच आहेत. त्यामुळे टॅलमाज यांचे चार निकष अशा सैन्यांना लावताना अभ्यासकांना वृत्तपत्रांतल्या नेमणुकांच्या बातम्या, जाहीर कवायतींची चित्रफीत आणि अचानक दिसेनासे झालेले सेनापती यांवरच भिस्त ठेवावी लागते.